बिनतारी जोडणीचा बिघाड : शोध आणि उपाय

तापीच्या खोऱ्यातील धरणगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. बालकवी ठोंबरे यांचा जन्म १८९० मध्ये ह्याच गावी झाला. कापसाच्या व्यापाराने हे गाव खानदेशात पूर्वापार नावाजलेले असून सुरत–भुसावळ लोहमार्गावरील ते एक स्थानक आहे. बाजारपेठेचे गाव म्हणजे दळणवळणाचे गाव. रस्ता, रेल्वे, टपाल आणि दूरध्वनी ह्या क्रमाने आलेल्या साधनांत आता इंटरनेटची भर पडली आहे आणि पाहता पाहता ते चैनीचे साधन न राहता गरजेचे साधन झाले आहे. इयत्ता अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ ह्या वर्षापासून संपूर्ण राज्यात लागू झाली. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचे असतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही घरबसल्या मिळू लागला आहे.

ह्या सर्व सोयींचा लाभ घरी बसून घेता यावा म्हणून अनेक कुटुंबे काटकसर करून मुलांसाठी लॅपटॉप विकत घेतात. समजा, धरणगावातील एका विद्यार्थिनीच्या घरी असाच नवा लॅपटॉप आला. घरात राउटर आहे, आईच्या मोबाइलवर इंटरनेट उत्तम चालत आहे. परंतु नव्या लॅपटॉपवर मात्र एकही पान उघडत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार. घरातील मंडळी एकच निष्कर्ष काढतात : ‘लॅपटॉप खराब निघाला.’ मग जळगावच्या दुकानाची वारी ठरते. त्यात एक दिवस आणि प्रवासखर्च जातो, आणि दुकानात लावून पाहावा तर तोच लॅपटॉप तेथे बिनतक्रार चालतो.

असे का व्हावे? ह्याचे कारण असे, की बिनतारी जोडणी ही एक वस्तू नसून ती अनेक दुव्यांची साखळी आहे. दुवा कोणताही तुटो, परिणाम लॅपटॉपच्या पडद्यावरच दिसतो. त्यामुळे दोषही त्याच्याच माथी मारला जातो. म्हणून दुरुस्तीच्या आधी बिघाड नेमका कोठे आहे हे शोधणे अगत्याचे ठरते. ह्या शोधासाठी तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. क्रमाने पाहण्याची शिस्त मात्र हवी.

पाण्याच्या वाटेचा दाखला

ठिबक सिंचन जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्यांस नवे नाही. केळीच्या एखाद्या झाडास पाणी मिळेनासे झाले, तर जाणता शेतकरी झाडाला दोष देत नाही. वीज आहे काय, मोटार चालू आहे काय, फिल्टर तुंबला आहे काय, व्हॉल्व्ह उघडा आहे काय, नळी कोठे फुटली आहे काय आणि अखेरीस ड्रिपर बुजला आहे काय, असे तो उगमापासून झाडापर्यंत पाहत जातो. शेजारच्या झाडास पाणी मिळत असेल, तर मोटार आणि मुख्य नळी ठीक आहेत हे त्याला न खोलताच कळते.

इंटरनेटची वाटही अशीच आहे. तिचा पहिला दुवा म्हणजे घराबाहेरून येणारी काचतंतूची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची, तार. दुसरा दुवा म्हणजे ती तार जेथे संपते ते घरातील यंत्र, ज्यास सामान्यतः राउटर म्हणतात. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत हवेतून जाणाऱ्या रेडिओलहरी हा तिसरा, आणि लॅपटॉपमधील बिनतारी यंत्रणा व तिला चालविणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली हा चौथा दुवा. ह्यांपैकी फक्त राउटर आणि लॅपटॉप यांमधील हवेतल्या टप्प्यास वाय-फाय हे नाव आहे. म्हणूनच वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसत असूनही इंटरनेट बंद असू शकते. ओळीतील नळी शाबूत आहे, परंतु विहिरीवरची मोटारच बंद आहे, अशी ती अवस्था असते.

लहरींचा थोडा परिचय

रेडिओलहरी भिंतीपलीकडे जाऊ शकतात हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्ता येथे जाहीर प्रयोगाने दाखविले होते. दूर ठेवलेल्या यंत्रातून निघालेल्या लहरींनी भिंतीपलीकडील घंटा वाजविली आणि बंदुकीच्या दारूस पेट दिला. पुढे बिनतारी साधनांवर १९३३ च्या कायद्याने परवान्याचे बंधन आले आणि एके काळी घरात रेडिओ ठेवावयाचा तरी टपाल कचेरीत शुल्क भरावे लागे. वाय-फायचे पहिले तांत्रिक मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये नियम करून २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त केला. आज घरोघरी राउटर दिसतात ते ह्या निर्णयामुळे.

परवाना नाही म्हणजे गर्दी आली. ह्या पट्ट्यात एकमेकांस धक्का न लावता नांदू शकतील असे मार्ग तीनच आहेत : क्रमांक १, ६ आणि ११. दाट वस्तीत दहा-बारा राउटर ह्याच मार्गांवर बोलू लागले, की बाजारच्या दिवशीच्या गलक्याप्रमाणे कोणाचेच बोलणे नीट ऐकू येत नाही. ५ गिगाहर्ट्‌झचा दुसरा पट्टा अधिक रुंद आणि अधिक वेगवान आहे. मात्र त्याच्या लहरी भिंतीत लवकर क्षीण होतात. थोडक्यात सांगावयाचे तर लांबच्या खोलीसाठी २.४ आणि राउटरच्या खोलीत वेगासाठी ५, असा हा हिशेब आहे.

दोन साध्या चाचण्या

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरातील एक मोबाइल फोन हेच बिघाड शोधण्याचे उत्तम उपकरण आहे. त्याच्या साह्याने दोन चाचण्या कराव्यात.

पहिली चाचणी फोनची. फोन घरातील वाय-फायला जोडावा आणि त्यावरील मोबाइल डेटा बंद करावा. ही दक्षता फार महत्त्वाची आहे. वाय-फायवरून इंटरनेट मिळेनासे झाले, की अनेक फोन कोणताही गाजावाजा न करता मोबाइल डेटाकडे वळतात. फोन चालू राहतो, लॅपटॉपला तशी दुसरी वाट नसते, आणि दोष नसताना तो अपराधी ठरतो. डेटा बंद केल्यावर फोनवर नवे पान उघडते काय, हे पाहावे.

दुसरी चाचणी लॅपटॉपची. फोनचा मोबाइल डेटा पुन्हा चालू करून त्यावरील हॉटस्पॉट सुरू करावा आणि लॅपटॉप त्यास जोडून पाहावा. जोडला गेला आणि पाने उघडली, तर लॅपटॉपमधील बिनतारी यंत्रणा निर्दोष आहे असे मानावयास हरकत नाही.

ह्या दोन चाचण्यांतून बहुतेक उलगडा होतो. फोन वाय-फायवर चालत नाही, परंतु लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतो, असे आढळल्यास दोष राउटरमध्ये वा बाहेरच्या तारेत आहे. फोन वाय-फायवर चालतो आणि लॅपटॉप हॉटस्पॉटवरही चालत नाही, असे असल्यास दोष लॅपटॉपमध्ये शोधावा. दोन्ही चालतात, पण लॅपटॉप आणि राउटर यांचे तेवढे जमत नाही, असे दिसल्यास अडचण त्या दोहोंमधील परवलीच्या शब्दाची, पट्ट्याची किंवा सुरक्षापद्धतीची असते. दोन्हीही चालत नसल्यास आधी फोनचा डेटा शिल्लक आहे काय ते पाहून मग राउटरपासून आरंभ करावा.

राउटर आणि बाहेरची तार

राउटरवरील दिव्यांची भाषा समजून घेणे कठीण नाही. एकही दिवा लागलेला नसेल, तर वीज, बटण आणि अडॅप्टर तपासावा. फायबरच्या यंत्रावर एलओएस ह्या अक्षरांजवळ लाल दिवा लागला असेल, तर तारेतून येणारा प्रकाशसंकेत यंत्रापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ होय. अशा वेळी लॅपटॉपवर कितीही खटपट केली, तरी ती व्यर्थ असते. तार कोठे वाकली वा निसटली आहे काय ते पाहावे, परंतु तिचे टोक स्वतः उघडू नये वा त्यात डोकावून पाहू नये. सेवा देणाऱ्या कंपनीकडेच तक्रार नोंदवावी.

दिवे ठीक असूनही इंटरनेट नसेल, तर मासिक शुल्काची मुदत संपली आहे काय, हे प्रथम पाहावे. हे कारण वाटते त्याहून अधिक वेळा निघते. त्यानंतर राउटरची वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावी आणि दिवे स्थिर होईपर्यंत काही मिनिटे थांबावे. राउटरच्या मागील बाजूस सुईने दाबावयाचे रीसेटचे बटण असते. ते मात्र दाबू नये. त्याने कंपनीने केलेली मांडणी पुसली जाण्याचा संभव असतो.

वीज जाते त्या वेळी लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो, हेही ध्यानात असू द्यावे. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस ही अडचण बऱ्याच अंशी दूर करतो.

लॅपटॉपमधील दोष

लॅपटॉपवर वाय-फायचा पर्यायच दिसत नसेल, तर प्रथम एअरप्लेन मोड चालू नाही ना, हे पाहावे. कळफलकाच्या वरच्या ओळीतील विमानाची खूण असलेली कळ चुकून दाबली गेल्यास सर्व बिनतारी साधने बंद होतात. त्यानंतर लॅपटॉप रीस्टार्ट करावा. येथे एक बारकावा आहे. विंडोज प्रणालीतील शट डाउन ही क्रिया बहुधा प्रणालीचा गाभा झोपवून ठेवते आणि तोच पुढच्या वेळी उठवते. त्यामुळे बंद करून चालू केल्यावरही जुना घोळ कायम राहू शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र प्रणाली नव्याने सुरू होते.

एवढ्याने न भागल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर ह्या शीर्षकाखाली वाय-फायच्या उपकरणाचे नाव आहे काय, ते पाहावे. नाव नसणे किंवा त्याजवळ पिवळी उद्गारखूण असणे, ही ड्रायव्हर नसल्याची लक्षणे आहेत. विंडोजशिवाय स्वस्तात घेतलेल्या आणि नंतर प्रणाली बसवून घेतलेल्या लॅपटॉपमध्ये हा अनुभव विशेष येतो. लॅपटॉपमधील वाय-फायचे उपकरण नवे असते आणि प्रणालीस त्याची ओळख नसते.

येथे एक चमत्कारिक कोंडी उभी राहते. ड्रायव्हर उतरवून घ्यावयास इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. तिच्यातून वाट काढण्याचे तीन मार्ग आहेत. फोन यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग सुरू करावे, म्हणजे फोनचे इंटरनेट तारेवाटे मिळते. लॅपटॉपला जागा असल्यास राउटरपासून इथरनेटची तार जोडावी. हेही शक्य नसल्यास दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर आणावा. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक टिपून तो निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. मोफत ड्रायव्हर देऊ करणाऱ्या अनोळखी ठिकाणांपासून दूर राहणे श्रेयस्कर.

दोन्ही ठीक, तरी मेळ नाही

फोनही ठीक आणि लॅपटॉपही ठीक, तरी जोडणी होत नाही, असे झाल्यास प्रथम परवलीचा शब्द तपासावा. इंग्रजी लहान-मोठी अक्षरे यंत्र वेगवेगळी मानते. मराठी लेखनासाठी कळफलक देवनागरीवर ठेवलेला असेल, तर ठिपक्यांच्या आड भलतीच अक्षरे उमटतात. डोळ्याची खूण दाबून आपण काय लिहिले ते पाहता येते. राउटरचा शब्द मध्यंतरी बदलला असल्यास लॅपटॉपवरील जुनी नोंद फर्गेट ह्या पर्यायाने पुसून नव्याने जोडणी करावी.

शेजाऱ्यांची नावे यादीत दिसतात, पण आपल्या राउटरचे नाव दिसत नाही, असे झाल्यास राउटर ५ गिगाहर्ट्‌झवर आणि लॅपटॉप फक्त २.४ ओळखणारा, असा प्रकार असू शकतो. राउटर २.४ च्या पट्ट्यातील बाराव्या वा तेराव्या मार्गावर असल्यासही काही लॅपटॉपना तो दिसत नाही. पट्टा किंवा मार्ग बदलल्याने हा प्रश्न सुटतो.

जोडणी झाली, तरी पाने उघडत नाहीत, ह्या अवस्थेत लॅपटॉपवरील दिनांक आणि वेळ पाहावी. नव्या यंत्रात ती चुकीची असल्यास सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही म्हणून उघडण्यास नकार देतात. नेटवर्कच्या तपशिलात लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ह्या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून त्यास पत्ताच मिळालेला नाही असे समजावे आणि आधी राउटर, मग लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. सर्व उपाय थकल्यावर नेटवर्क रीसेट हा पर्याय आहे. मात्र त्याने साठविलेले सर्व परवलीचे शब्द पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत.

खानदेशातील घर आणि खानदेशातील ऊन

जोडणी होते, परंतु वरचेवर तुटते वा मंद चालते, ही तक्रार घराच्या रचनेशी निगडित असते. धाब्याच्या जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात. परंतु त्याच लहरींचाही जोर शोषून घेतात. लोखंडी कपाट, पत्र्याचे छप्पर, धातूची जाळी ह्या वस्तू लहरी परतवतात. भरलेली पाण्याची टाकी त्या गिळून टाकते. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले, की लहरींची शक्ती चतुर्थांश उरते. म्हणून राउटर कोनाड्यात वा दूरदर्शन संचाच्या मागे न ठेवता घराच्या मध्यभागी, छातीइतक्या उंचीवर, मोकळा ठेवावा.

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घरगुती राउटर सामान्यतः ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेले असतात. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला राउटर भर दुपारी अडखळतो आणि रात्री सुरळीत चालतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

नव्या लॅपटॉपच्या मंदपणास आणखीही एक कारण आहे. पहिले काही तास तो प्रणालीच्या सुधारणा उतरवून घेत असतो आणि उपलब्ध वेगाचा मोठा हिस्सा त्यातच खर्ची पडतो. महत्त्वाचा अर्ज भरावयाचा असल्यास त्या जोडणीस मीटर्ड कनेक्शन ठरवावे, म्हणजे बहुतेक सुधारणा तूर्त थांबतात. काम झाल्यावर हा पर्याय पूर्ववत करावा.

दाद कोठे मागावी

दोष बाहेरच्या तारेत असल्यास कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक अवश्य घ्यावा. समाधान न झाल्यास २०१२ च्या विनियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. लॅपटॉप खरोखरच सदोष असून विक्रेता टाळाटाळ करीत असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत त्यास शुल्क नाही. पावती व हमीपत्र जपून ठेवणे मात्र आवश्यक आहे.

एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधताना बनावट क्रमांक पुढे येतात. पलीकडची व्यक्ती पडदा दाखविणारे ॲप बसवावयास किंवा ओटीपी सांगावयास लावते आणि बँकेतील रक्कम नाहीशी होते. मदतीचा क्रमांक बिल, पावती वा हमीपत्रावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे.

आता पुन्हा त्या विद्यार्थिनीच्या घरी जाऊ. आईच्या फोनवरील मोबाइल डेटा बंद करताच फोनवरील पानेही उघडेनाशी झाली. राउटरवर लाल दिवा दिसला. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला, तर तो तत्काळ जोडला गेला. दोष घराबाहेरच्या तारेत होता. कंपनीकडे तक्रार नोंदविली गेली आणि दुरुस्ती होण्याची वाट न पाहता हॉटस्पॉटवरूनच शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत सादर झाला. जळगावची फेरी वाचली, आणि लॅपटॉपवरचा आळही गेला.

इंटरनेटची तार गावोगाव पोहोचविणे हे शासनाचे व कंपन्यांचे काम आहे. परंतु ती दारापर्यंत आल्यावर तिचा अखेरचा टप्पा ज्याचा त्यानेच राखावयाचा असतो. ज्या घरात निदान एकास तरी हा टप्पा क्रमाने तपासता येतो, त्या घरातील मुलांचा अर्ज बिनतारी जोडणी रुसली म्हणून मुदतीबाहेर राहण्याची वेळ सहसा येणार नाही.